भिंतीपलीकडचे सरखेल

माझी आई बाबांबद्दल नेहमी म्हणायची, "यांच्या तोंडात तीळ भिजत नाही." खोटं नव्हतं ते. बाबांनी अलिबागच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. कळलेली गोष्ट चारचौघांना सांगितल्याखेरीज त्यांना जेवण जात नसे, मग ती तीनशे वर्षांपूर्वीची असो नाहीतर समोरच्या घरातली. आई मात्र त्या वाक्याला एक शेपूट जोडायची. "आणि ज्या दिवशी भिजेल ना, त्या दिवशी काळजी करा."

आई गेली आणि तीळ भिजला. २०२० च्या फेब्रुवारीत बाबांना आम्ही तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आणलं, तेव्हा ते "हो", "नको" आणि "असू दे" एवढ्यावर आले होते. स्लायगोच्या पुढे समुद्राकाठी एक लहानसं गाव आहे, तिथे आमचं घर. नवरा स्लायगोच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळतो. माझं ऑफिस डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये, आठवड्यातून दोनदा ट्रेनने जायचं. मी निघताना बाबा खिडकीत बसून करड्या पाण्याकडे बघत असायचे आणि मी परत यायचे तेव्हाही तिथेच. मला काळजी वाटली की राग येतो, हा माझा स्वभाव. त्यामुळे त्या महिन्यात मी त्यांच्यावर सारखी खेकसत होते.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली, बाबांचा व्हिसा सरकारने आपणहून वाढवला, आणि सत्तरीपुढच्या माणसांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असा हुकूम सुटला. त्याला इथे शब्द होता कोकूनिंग. मी बाबांना अर्थ सांगितला. ते म्हणाले, "या वयात कोषात घालतायत? म्हणजे पुढे फुलपाखरू करून सोडणार की काय?" किती आठवड्यांनी एक पूर्ण वाक्य! मी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन जराशी रडले.

शेजारचे आजोबाही कोषातच होते. त्यांची बाग आणि आमची बाग यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत, चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. आजोबा ऐंशीच्या घरातले, इंग्रज, उंच आणि ताठ. त्यांची बायको याच गावातली, काही वर्षांपूर्वी वारलेली, चर्चमागच्या दफनभूमीत पुरलेली. नोकरीत असताना ते काय करत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते मालवाहू जहाजांवर होते, केळी आणायचे. केळ्यांबद्दल ते भरपूर बोलत. कच्ची कशी भरायची, थंड कशी ठेवायची, एक घड आधी पिकला तर तो बाकीच्यांना कसा बिघडवतो. दुकानाच्या रांगेत मी स्वतः ऐकलं होतं.

भिंतीच्या अलीकडे बाबांची खुर्ची, पलीकडे त्यांची, मधे नियमाचं अंतर. पहिल्या दिवशी बाबांनी केळ्यांचाच विषय काढला. कोकणातला माणूस, केळ्यांवर बोलणं त्यांना अवघड नव्हतं. बाबांचं इंग्रजी शाळामास्तरी, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. "सर, विच बनाना?" त्यांनी विचारलं. आजोबा जरा थांबले. "यलो," ते म्हणाले.

बाबा आत आले ते डोळे बारीक करूनच. "अगो, हा माणूस केळीवाला नव्हे. वेलची नाही, राजेळी नाही, बसराई नाही. पिवळी म्हणे! काहीतरी लपवतोय."

"बाबा, उगाच शेजाऱ्यांची उलटतपासणी करू नका."

"तोंडी परीक्षा म्हण," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कोट-टोपी घालून पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मी वरवर रागावले, पण आतून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी न मागता त्यांना दोनदा चहा दिला.

परीक्षा बरेच दिवस चालली. मग एका दुपारी, वारा पडलेला असताना, आजोबांनी खरं उत्तर दिलं. त्यांनी जन्मात एक केळंसुद्धा वाहून आणलं नव्हतं. ते ब्रिटिश नौदलात होते आणि रिअर ॲडमिरल होऊन निवृत्त झाले होते.

पुढे सगळी हकीकत तुकड्यातुकड्यांनी भिंतीवरून येत राहिली आणि बाबा ती जेवताना आम्हाला शिकवत. समुद्र जिथून सगळ्यात लांब अशा इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका बुटांच्या दुकानदाराचा हा मुलगा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि त्याच दिवशी काय व्हायचं ते ठरवलं. सतराव्या वर्षी नौदलाच्या कॉलेजात गेला. पहिल्याच सफरीत बोट लागली. सगळे म्हणाले, सवय होईल. ती झाली नाही. पुढे तो सुरुंग काढणाऱ्या लहान लाकडी जहाजाचा कप्तान झाला, मग मोठ्या लढाऊ जहाजाचा, पण बंदर सुटलं की पहिला दिवस बादली जवळ. हुद्दा वाढत गेला तशी फक्त बादली चांगली मिळत गेली, असं ते स्वतःच बाबांना म्हणाले. एकदा सुट्टीत, कोरड्या जमिनीवर, जिन्यावरून पडून त्यांचा घोटा मोडला, आणि हॉस्पिटलात या गावची नर्स भेटली. जे समुद्राने केलं नाही ते जिन्याने केलं.

बाबांना लढाया हव्या होत्या. किती लढाया, त्यांनी विचारलं. एकही नाही. उत्तर अटलांटिकमध्ये रशियन पाणबुड्यांचा माग काढत कितीतरी हिवाळे घालवले, त्या सापडत आणि निघून जात. तोफा झाडल्या त्या ओढून नेलेल्या कापडी पडद्यांवर. एकदाच खरं युद्ध पेटलं तेव्हा हे किनाऱ्यावर, नव्या पोरांना नकाशे वाचायला शिकवत होते. बाबांचा चेहरा पडला. इतिहासाच्या मास्तराला आयुष्यात एक ॲडमिरल मिळावा आणि त्याच्याकडे एक लढाई नसावी! "काही घडू नये हेच आमचं काम होतं," आजोबा म्हणाले. "काही घडलं नाही, म्हणजे आम्ही ते नीट केलं." बाबा यावर रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार करत होते. मग हाती लागलं तेवढं त्यांनी धरलं. "पोरांना शिकवत होता! म्हणजे मास्तरच की गो!"

शेवटची वर्षं लंडनला टेबलामागे गेली. निवृत्तीनंतर बायकोला तिच्या आईच्या घरी यायचं होतं. पण तो काळ वेगळा होता. ब्रिटिशांकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब आणि गोळ्या चालू होत्या, सरहद्द इथून फार लांब नाही, आणि ब्रिटिश वर्दीतल्या माणसाबद्दल या किनाऱ्यावर कोणाच्या मनात काय असेल हे सांगता येत नव्हतं. गाडीत येतानाच बायको म्हणाली, जहाजांवर होतो म्हण, ते खोटंही नाही. केळी ही त्यांची स्वतःची भर. पुढे काळ निवळला, पण एकदा सांगितलेलं परत घ्यायला मुहूर्त सापडला नाही. मग बायको गेली. तिच्या शवपेटीला गावाने खांदा दिला. आता त्याच गावाला कळलं की हा माणूस इतकी वर्षं आपल्या तोंडावर खोटं बोलत आला, तर इथे राहता येणार नाही आणि तिच्याशेजारी पडायलाही मिळणार नाही. त्यांना एवढीच भीती होती, आणि ती फार मोठी होती. "गावात एक अक्षर नाही," असं वचन त्यांनी बाबांकडून घेतलं. बाबांनी ते दिलं. घरच्यांना सांगणं म्हणजे गावात सांगणं नव्हे, असा अर्थ त्यांनी आपल्यापुरता लावला.

पण ॲडमिरल शेजारी राहतो आणि ते मिरवायचं नाही, हे बाबांना झेपेना. त्यावर त्यांनी एक तोड काढली. मराठ्यांच्या आरमाराचा जो प्रमुख, त्याला सरखेल म्हणत. अलिबागच्या पोराला हे बाराखडीबरोबर कळतं, पण आयर्लंडमध्ये कोणाच्या बापाला कळणार? दुसऱ्या सकाळपासून बाबा भिंतीपाशी उभे राहून वर्गातल्या आवाजात हाक मारू लागले, "सरखेल!"

आजोबा मान डोलवत, वाकत, काहीतरी कापत आणि भिंतीवर हिरव्या कुरळ्या पानांची जुडी आणून ठेवत. ती केल. कोबीच्या नात्यातली राठ पालेभाजी, वाऱ्याला आणि गारठ्याला न भिणारी, त्यांच्या बागेत तीच उदंड.

"देता हात आहे हो या माणसाचा," बाबा म्हणाले.

रोज हाक, रोज जुडी. मी केल परतली, डाळीत घातली, दाणे आणि ताक घालून तिची पातळ भाजी केली, थालिपिठात लपवली, वड्या उकडून तळल्या. नवरा एकदा ताट बघून म्हणाला, "अगं यार, प्रेसमध्ये दुसरं काहीच नाहीये का?" इथल्या लोकांसारखा तोही आता कपाटाला प्रेस म्हणतो. मी म्हटलं, जा आणि सांग त्यांना, नको म्हणून. तो गेला नाही. शेवटी जूनमध्ये आजोबांनीच मला भिंतीपाशी थांबवलं. संकोचून म्हणाले, तुमचे वडील फार सभ्य गृहस्थ आहेत, पण भाजी मागताना त्यांनी दर वेळी 'सर' म्हणायला हवं असं नाही. नुसतं 'केल' म्हटलं तरी मी देईन.

मला कळायला जरा वेळ लागला. सर, केल! मी भिंत धरून इतकी हसले की वरचा एक दगड घरंगळला आणि बाबा काय झालं म्हणून धावत आले. मग खुलासा झाला. बाबांनी सरखेलीचा सगळा इतिहास सांगितला, भर पाण्यातल्या किल्ल्यासकट, इंग्रजांच्या पकडलेल्या जहाजांसकट. "आम्हाला शाळेत ते लोक चाचे म्हणून शिकवले," आजोबा म्हणाले. "आम्हाला तुम्ही," बाबा म्हणाले. दोघेही खूश झाले. केल आठवड्यातून एकदाच यायला लागली, पण नाव कायम राहिलं आणि मीही त्यांना सरखेल म्हणू लागले. पुढे विमानं सुरू झाली तरी बाबा "बघू" म्हणत राहिले. मी मुद्दामच तो विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. बागेला लागून रस्ता होता. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची मुभा, त्यामुळे अख्खं गाव रोज त्या रस्त्याने फिरत होतं आणि बाबांची हाक ऐकत होतं.

२०२१ च्या जानेवारीत साथ पुन्हा उसळली. गावच्या दुकानात एका वेळी दोघांनाच प्रवेश, बाकीचे बाहेर अंतर ठेवून रांगेत. दूध आणायला मी बाबांना बरोबर नेत असे, तेवढंच त्यांचं चालणं. दुकानवाल्या बाई दारात उभ्या राहून माणसं आत सोडत होत्या. बाबांना बघून त्यांनी विचारलं, "आणि आमचे सर केल काय म्हणतात?" रांगेत हसू पसरलं. आमच्या पुढे एक म्हातारा कोळी उभा होता. त्याने मागे वळून विचारलं, "ते खरंच सर आहेत का हो? राणीने किताब-बिताब दिलाय?"

एकीकडे दिलेलं वचन, दुसरीकडे चुकीचा इतिहास. मास्तराला दुसरं सहन होत नाही. मास्कमुळे दबू नये म्हणून बाबांनी आवाज आणखी चढवला. "नो सर! नो केल! सरखेल! सरखेल मीन्स ॲडमिरल! ही इज ॲडमिरल, ब्रिटिश नेव्ही!"

रांग एकदम गप्प झाली. कोणी जमिनीकडे बघत होतं, कोणी समुद्राकडे. म्हाताऱ्या कोळ्याने टोपी काढली आणि परत घातली. बाईंनी "पुढचे" म्हटलं, पण पुढचा माणूस जागचा हलला नाही. मी बाबांकडे पाहिलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे नुसते भेदरलेले होते. दूध न घेताच आम्ही परत निघालो.

वाटेत मी त्यांना खूप बोलले. "एक गोष्ट, बाबा! अख्ख्या जन्मात एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही तुम्हाला?" ते घरी न येता सरळ भिंतीपाशी गेले, सरखेलांना बाहेर बोलावलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हे मात्र मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

सरखेलांनी सगळं ऐकून घेतलं. सांगितल्याबद्दल आभार, असं म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मग म्हणाले की त्यांची पुतणी इंग्लंडात असते, प्रवास खुला झाला की ते घर विकून तिच्याकडे जातील.

"अँड मॅडम?" बाबांनी चर्चच्या दिशेने हात केला.

सरखेलांनी तिकडे पाहिलं नाही. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर त्यांचे पडदे उघडले नाहीत. पेपर आणायला ते गेले नाहीत. सकाळी धुराड्यातून धूर निघाला की आम्ही समजायचं, बरे आहेत. आणि आमच्या बाजूला बाबा पुन्हा खिडकीत जाऊन बसले. "हो", "नको", "असू दे". मला खरंच भीती वाटली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा माणूस मिटत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं. नवरा म्हणाला, "टेन्शन नको घेऊस, ग्रँड होईल सगळं." "कसं होईल? तू करणार आहेस का ग्रँड?" मी त्याच्यावरही ओरडले.

संक्रांत तोंडावर आली होती. तिळाच्या निमित्ताने मी एकटी दुकानात गेले. खरं म्हणजे भांडायच्या तयारीनेच गेले होते. कोणी सरखेलांबद्दल वाकडा शब्द काढलाच तर काय बोलायचं, ती इंग्रजी वाक्यं रस्ताभर घोकत होते. दुकानात बाई एकट्याच होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "कसे आहेत ते? पेपर न्यायला आले नाहीत."

"घर विकून इंग्लंडला जातो म्हणतायत," मी म्हटलं. "लोक फार चिडलेत का हो?"

"चिडलेत? कशावर?"

"इतकी वर्षं खोटं सांगितलं म्हणून."

बाईंनी तिळाचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, आम्हाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझी आई दुकान बघायची. त्यांची बायको इथे येऊन तिला म्हणाली, माझा नवरा ब्रिटिश ॲडमिरल आहे. माणूस भला आहे, बोटीत बसला की ओकतो. त्याला मी सांगून ठेवलंय की नुसतं जहाजांवर होतो म्हण. तो तसं म्हणेल तेव्हा कृपा करून विश्वास ठेवल्यासारखं करा."

"पण असं का?"

"तेव्हाचे दिवस वाईट होते. बाहेरून कळलं असतं तर भडका उडाला असता. आमच्यातल्याच पोरीने दारात येऊन सांगितलं, मग आम्ही तिचं गुपित सांभाळायचं की तिच्यावर रागवायचं? ब्रिटिश वर्दीवर ज्यांचा राग होता त्यांच्या घरीही ती स्वतः जाऊन आली. आणि आम्हाला ठाऊक आहे हे नवऱ्याला नाही सांगितलं, कारण कोणाला माहीत नाही असं वाटलं तरच त्यांना इथे झोप लागेल, असं ती म्हणायची."

"आणि केळी?"

"ती केळी!" बाईंनी डोळे मिटले. "माझी आई मरेपर्यंत त्यांना केळ्यांबद्दल प्रश्न विचारत होती. कोणाला रस नाही असं वाटायला नको ना त्यांना."

"मग परवा रांगेत सगळे एवढे गप्प का झाले?"

"दुसरं काय करणार? अख्ख्या गावाने एवढी वर्षं जपलं आणि तुमच्या वडिलांनी एका दमात फोडलं. आता आम्हाला धक्का बसायला हवा होता. पण मास्क लावून धक्का बसल्यासारखं कसं दाखवायचं, तुम्हीच सांगा."

मी बटाट्यांच्या पोत्यावर बसले. जिवात जीव येणं म्हणजे काय ते मला त्या पोत्यावर कळलं. हसता हसता डोळे पुसले आणि म्हटलं, "तुम्हीच या ना, सांगा त्यांना."

"मी? छे," बाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांना सांगू द्या. त्यांना ते चांगलं जमतं."

बाबांनी सगळं ऐकलं तरी पहिल्यांदा मान हलवली. "मी आता तोंड उघडणार नाही, गो." मी म्हटलं, उघडा, गावाची परवानगी आहे. तिळाच्या वड्या केल्या, पण गूळ मिळाला नव्हता, लाल साखर वापरली, आणि वड्या पडल्या त्या दाताला चिकटणाऱ्या. बाबा ताटली घेऊन भिंतीपाशी गेले. मी दारात उभी राहिले.

"सरखेल!"

काही नाही.

"सरखेल!"

पडदा हलला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. त्यांची दाढी वाढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. बाबांनी ताटली भिंतीवर ठेवली आणि मागे सरकले. "ईट. देन स्पीक स्वीट. धिस इज अवर कस्टम." सरखेलांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी वडी तोंडात टाकली आणि ती जी चिकटली ती सुटेना. त्यांना बोलता येत नाही असं बघून बाबांनी सगळं सांगून टाकलं, दुकान, बाईंची आई, बायको, बादली, झोप.

सरखेलांनी महत्प्रयासाने वडी गिळली. "पहिल्या आठवड्यात?"

"फर्स्ट वीक."

"सगळ्यांना?"

"ऑल."

"केळीसुद्धा?"

"बनाना ऑल्सो."

ते तिथेच भिंतीवर बसले. खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला आधी कळेना, मग कळलं की दोन्ही. "रोज सकाळी दाढी करताना मी ठरवायचो, आज केळ्यांबद्दल काय सांगायचं," ते म्हणाले. "मोठ्याने म्हणून बघायचो. ती दारात उभी राहून ऐकायची. एकदा तर तिने माझी चूक सुधारली."

बाबा मराठीतच म्हणाले, समोरच्याला कळतंय अशा थाटात, "आमची ही असती ना, तर तिने तुम्हाला आधीच सांगितलं असतं, या माणसाजवळ काही बोलू नका म्हणून." आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय काढला होता तो हा पहिल्यांदा. मी आत येऊन चहा टाकला. कप कोणते काढले तेही मला आठवत नाही, एवढी मी आनंदात होते.

दुसऱ्या सकाळी सरखेल दाढी करून, टाय बांधून पेपर आणायला निघाले. बाबा आणि मी मागे. रांगेतले सगळे पुन्हा जमिनीकडे बघू लागले. सरखेल आपल्या जागी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी आयुष्यात एकही केळं आणलेलं नाही."

मग तो म्हातारा कोळी म्हणाला, "वाईट झालं. मला ती केळी आवडायची."

पहिल्यांदा बाई हसल्या, मग सगळी रांग. सरखेल सगळ्यात उशिरा हसले आणि बराच वेळ थांबले नाहीत. इंग्लंडचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

बाबा त्या वर्षी शरदात परत गेले. त्याआधी एका सकाळी सरखेल आम्हा दोघांना चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेले. त्यांच्या बायकोच्या दगडावर डावीकडे तिचं नाव होतं, उजवी बाजू मोकळी. तिथे नुसतं नाव आणि सालं घालायची, हुद्दा नको, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आता ते म्हणाले की नावाखाली एक शब्द हवा आहे, आणि तो बाबांनी लिहून द्यावा, त्यांच्या लिपीत.

"पण इथे कोणाला वाचता येणार नाही," मी म्हटलं.

"सगळ्यांना कळेल," सरखेल म्हणाले.

बाबांच्या खिशात खडू होता, तो त्यांच्या खिशात नेहमी असतो. वाटेवरच्या फरशीवर त्यांनी मोठ्या अक्षरात 'सरखेल' लिहिलं. ते सरखेलांना आवडलं. मग त्यांनी खडू घेतला आणि खाली वाकून तसंच काढायचा प्रयत्न केला, एकेक रेघ, जीभ ओठात धरून. बाबांनी मागे उभं राहून पाहिलं आणि मान हलवली. सरखेलांच्या ख चे दोन भाग सुटे पडले होते, वाचताना ते 'रव' होत होतं.

"दगडावरचं खोडता येत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सरखेलांना ख पुन्हा काढायला लावला.